हातांनी नेलेली वाघीण

आमच्या गावात लोकरीची गिरणी होती, असं सांगितलं की भुसावळात माझ्या शेजारणी हसतात. खानदेशात कापूस, केळी. लोकर कुठून आली? मी सांगते, साक्रीकडचे धनगर मेंढ्या घेऊन भडगावकडे उतरायचे, त्यांची लोकर आमची गिरणी घ्यायची. तिची जाड, काळपट ब्लँकेटं अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीने मोठ्या लाईनीच्या स्टेशनात जायची. त्या गाडीचा एक फाटा थेट गिरणीच्या फाटकात शिरत असे.

मी पिंजण खात्यात नुकतीच लागले होते. आई घड्या घालायच्या खात्यात होती. त्या वर्षी दूरच्या जिल्ह्यात भूकंप झाला आणि उघड्यावर पडलेल्या माणसांसाठी ब्लँकेटं मागवली गेली. आम्ही सुट्टी न घेता राबलो. फाटकातली वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, गच्च भरली. आणि नेमका पूर आला. नदीवरचा फरशी पूल वाहून गेला, स्टेशनाकडचा रस्ता बंद झाला. रुळाचा पूल उंचावर, तो शाबूत होता. पण छोट्या गाडीचं इंजिन पलीकडे बिघडून पडलं होतं.

स्टेशन मास्तर गिरणीत येऊन म्हणाले, "मोठी गाडी संध्याकाळी सुटेल. इंजिन काही आज येत नाही."

 रंगखात्यातले म्हातारे चाचा विडी विझवून उठले. पण आधी बोलली ती माझी आई, जी साहेबांसमोर कधी तोंड उघडत नसे. "आपला हात शेतस ना? मंग इंजिन कसाले जोयजे? बठ्ठा लागूत!"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग फोन लावायला गेले. वाघीण हातांनी ढकलत न्यायची परवानगी मिळाली. लाल झेंडा घेऊन ते स्वतः पुढे चालायला लागले. चाचा हातब्रेकवर बसले. आम्ही बायका-पुरुष मागून रेटू लागलो. सुरुवातीला वाघीण हललीच नाही. मग चाकं कुरकुरली आणि एकदा सुटली ती थांबेना.

पुलावर खाली गढूळ पाणी घोंगावत होतं. मी आईचा पदर धरला. ती म्हणाली, "खाले पाहू नको. पुढं पाय टाक."

स्टेशनाआधी उतार होता. तिथे वाघीण ढकलायची नव्हती, आवरायची होती. मागे दोर बांधून आम्ही सगळे उलटे ओढत उतरलो. दोराने आईचे तळवे सोलून निघाले, तरी तिने पकड सोडली नाही. फलाटावर हमाल धावत आले. मोठ्या गाडीच्या गार्डने विचारलं, "इंजिन कुठे आहे तुमचं?"

चाचांनी आमच्याकडे हात केला. "हे काय, उभं आहे!"

हमालांनी गठ्ठे चढवले, गाडी वेळेवर सुटली. आम्हाला चहा मिळाला. मास्तरांनी आईच्या हातांना स्वतः मलम लावलं. ती इतकी लाजली की चहा तसाच राहिला.

गिरणी पुढे बंद पडली. छोटी गाडीही थांबली. तिथे आता रुंद रूळ टाकायचं काम चाललंय. मागच्या महिन्यात आईला घेऊन गेले होते. कामावरच्या एका पोरीने, इंजिनिअर असावी, विचारलं, "आजी, कुणाला शोधताय?"

"कोनले नही," आई म्हणाली. "आमनी लाईन शे ही. कशी चालनी शे ते पाहाले उनू."

आपली लाईन कशी चाललीय ते बघायला आलीय, असं मी सांगितल्यावर पोरीने तिला बसायला खुर्ची आणून दिली.