प्लू की प्लूस?

गणपतराव देसाई शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मेंटेनन्सचे फोरमन. वय चौपन्न, शिक्षण आयटीआय, गाव नेसरी. नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखणारा माणूस. एके दिवशी मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"फ्रान्सहून नवं मोल्डिंग मशीन येतंय. बसवायला येणाऱ्या इंजिनिअरचं इंग्लिश यथातथाच. तुम्ही फ्रेंच शिका."

"साहेब, मला इंग्लिशच धड येत न्हाय."

"मग बरंच की. डोक्यात गोंधळ कमी."

कसला कमी! राजारामपुरीतल्या क्लासात गणपतराव कॉलेजच्या पोरापोरींत अवघडून बसले. शिकवणाऱ्या अवंतिका मॅडम त्यांच्या धाकट्या लेकीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही. प्रत्येक वस्तू एक तर तो, नाहीतर ती."

"मग मशीन?"

"ती."

"आन् कशावरनं वळखायचं?"

"पाठच करायचं, काका. कारण सापडत नाही."

बिघाडामागं कारण असतंच, यावर तीस वर्षं पोट भरलेल्या माणसाला हे काही पटेना. टेबल ती, पुस्तक तो, खुर्ची ती. वहीची पानं भरत गेली आणि डोकं रिकामं होत गेलं.

महिन्याभरानं 'प्लू' आला. शेवटचा 'स' उच्चारला, 'प्लूस' म्हटलं, तर 'आणखी'. 'स' गिळला, नुसतं 'प्लू' म्हटलं, तर 'संपलं'.

"आन् लिवताना?"

"दोन्ही सारखंच. आणि बोलतानाही नेहमी असंच असतं असं नाही."

गणपतरावांनी पेन्सिल खाली ठेवली.

जुलैत लुक नावाचा तरणा इंजिनिअर आला. चौथ्या दिवशी चाचणी सुरू झाली. लुक शिडीवर, खाली बटणांपाशी ऑपरेटर विश्वजित. मशीन दणादण चालू असताना लुक एकदम ओरडला, "प्लू द्विल!"

द्विल म्हणजे तेल, एवढं गणपतरावांना कळलं. पण 'स' होता का? का पंख्याच्या घरघरीनं खाल्ला?

"काका, काय म्हणतोय त्यो?" विश्वजितनं विचारलं.

"तेल आणखी घाला म्हणतोय, न्हायतर तेल संपलं म्हणतोय."

"मग चालू ठेवू का बंद करू?"

गणपतरावांचा हात खिशाकडं गेला. वही घरी. मॅडम क्लासात. त्यांनी पुढं होऊन लाल बटण दाबलं. शेडमध्ये एकदम शांतता पसरली.

लुक तरातरा खाली उतरला. गणपतरावांनी ओंजळ पुढं केली, "प्लूस?" मग हात आडवा फिरवला, "प्लू?"

"प्लू! प्लू!" लुक टाकीकडं बोट दाखवत म्हणाला.

पाइपचा जोड सुटला होता आणि टाकी कोरडी पडली होती. आणखी दोन मिनिटं गेली असती तर पंप जाम झाला असता. लुकनं त्यांचा हात धरून जोरजोरात हलवला. मालक धावत आले. "बघा, फ्रेंच शिकल्याचा फायदा!"

गणपतराव कसंनुसं हसले. आपल्याला कळलं नव्हतं म्हणूनच मशीन बंद केलं, हे साहेबांना सांगायचं कसं?

सोमवारी त्यांनी मॅडमना मात्र सगळं सांगितलं. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "काका, घाईत मलासुद्धा कधीकधी दोनदा विचारावं लागतं."

डिसेंबरात परीक्षा झाली. गणपतराव काठावर पास झाले.

"आता बास की, काका," विश्वजित म्हणाला.

"न्हाय रं, फुडच्या लेव्हलला नाव घातलंय. तितं भूतकाळ हाय म्हणं, त्योबी दोन-तीन तऱ्हेचा." त्यांनी हातातला पाना पुसून ठेवला. "एकदा झालं ते झालं. त्याच्या तऱ्हा कशा काय असतील, सांग बरं?"