आभार तेवढे पोरांनी मानायचे

आमचे हे गेली कित्येक वर्षं युवा नेते आहेत. लग्न ठरलं तेव्हाही होते, आणि आता लेक कॉलेजात गेली, यांचे गुडघे कुरकुरायला लागले, तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ‘युवा नेते’च असतात. केसांना काळी मेंदी लावायचं काम माझ्याकडे असल्यामुळे गावाच्या युवाशक्तीत माझाही थोडा हात आहे, असं मी धरून चालते.

आमचं गाव वेल्ह्याच्या वाटेवर, विंझरच्या जरा आत. ग्रामसभेत तरुणांचा विषय निघाला की हे उठतात आणि युवकांच्या वतीनं बोलतात. खरे युवक तेव्हा गावात नसतातच. सभा भरते कामाच्या दिवशी सकाळी, आणि पोरं असतात कंपनीत नाहीतर कॉलेजच्या एसटीत. जी दोन-चार हाताशी सापडतात त्यांनी सतरंज्या अंथरायच्या, माईक लावायचा, चहा फिरवायचा. फारच कौतुक करायचं झालं तर शेवटी त्यांना आभार मानायला उभं करतात. तोवर सगळ्यांचं लक्ष चहाच्या किटलीकडे लागलेलं असतं.

आमच्या लेकीला पोलीस भरतीत उतरायचंय. ती आणि तिच्या मैत्रिणी पहाटे वेल्ह्याच्या रस्त्यावर पळायच्या. ग्रामपंचायतीमागे मैदान आहे, पण अर्ध्या भागात पाणी योजनेचे उरलेले पाईप आणि उरलेल्या अर्ध्यात आमच्या ह्यांच्या विटा आणि बंद पडलेला टेम्पो. विटा ज्या घरासाठी आणल्या ते घर अजून बोलण्यातच आहे.

एका शनिवारी गडावर फिरायला निघालेल्या पुण्याच्या गाडीनं पोरीला हुलकावणी दिली आणि ती रस्त्याकडेच्या चरात पडली. गुडघा फोडून घरी आली. मी जखमेत हळद भरली. थोडक्यात निभावलं, एवढंच मनात येत होतं.

मी यांना म्हटलं, “ते मैदान तेवढं मोकळं करा.”

“मांडतो की पुढच्या सभंत, युवकांच्या वतीनं.”

“मागल्या सभंत बी मांडलंवतं तुमी.”

“मग? लावूनच धरलाय म्या विषय.”

पुढची सभा नेमकी झेंडावंदनाच्या दिवशी आली. सुट्टीमुळे पोरंही गावात होती. हे युवाशक्तीवर भरपूर बोलले, मैदानाचा विषय मांडला, आणि सरपंचांनी तो “बघू पुढच्या टायमाला” म्हणून बाजूला ठेवला. ह्यांनी मान डोलावली. मग मोठ्या मनानं माईकवर म्हणाले, “आता आभार मानंल आमची कन्या. युवकांना संधी दिली पायजे.”

लेक उठली. गुडघ्याला पट्टी तशीच होती.

“सरपंचतात्यांचे आभार. पाईप येत्या रविवारी उचलायचं त्यांनी मनावर घेतलंय.”

सरपंचांचा कप ओठाशीच थांबला. मागून पोरींनी टाळ्या सुरू केल्या, आणि टाळ्या वाजतायत म्हटल्यावर पुढच्यांनीही वाजवल्या.

“ग्रामसेवक भाऊसाहेबांचे आभार. इथून पुढं सभा सुट्टीच्या दिवशी लावणारेत, म्हंजे आमाला येता यील. आणि आमच्या पप्पांचे आभार. विटा रविवारीच हलवणारेत.” आता पार म्हातारीकोतारीही हसायला लागली. पोर मात्र हसली नाही. “इतकी वर्षं ते आमच्या वतीनं बोलले. लई दमले असतील. आता आमी बोलू.”

आमच्याकडे आभारानंतर कोणी बोलत नाही, तशी पद्धतच आहे. सरपंच तरी अर्धवट उठले. तेवढ्यात मागून कोणीतरी जन गण मन सुरू केलं. सावधान उभं राहून कोण काय हरकत घेणार?

घरी आल्यावर ह्यांनी चपला काढल्या. मग म्हणाले, “कुणी शिकवलं तिला ह्ये?”

“तुमीच की,” मी म्हटलं. “ल्हानपणापास्नं तुमच्या सभंत सतरंज्या कोण घालतंय?”

रविवारी पाईप खरंच गेले. गावासमोर आभार स्वीकारल्यावर सरपंचांना दुसरा इलाज नव्हता. टेम्पो काही चालू होईना, तो पोरांनी ढकलत बाहेर काढला. विटा ह्यांनी स्वतः वाहिल्या. मी चुंबळीसाठी फडकं घेऊन मागे उभी होते, पण मदत नको म्हणाले.

मग पोरींनी मैदानावर पांढऱ्या फक्कीची रेघ ओढली. लेकीनं ह्यांच्या हातात मोबाईल दिला. “पप्पा, तुमी हितं उभं ऱ्हावा आणि टाईम लावा.”

पहिल्या फेऱ्या तिनं नीट मारल्या. शेवटच्या फेरीला गुडघा दुखायला लागला असावा, कारण ती लंगडायला लागली. मला बघवेना. हे रेघेच्या बाहेरून तिच्या बरोबरीनं निघाले, आधी चालत, मग आपले कुरकुरते गुडघे घेऊन चक्क पळत. मोबाईलमधल्या टाईमाकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

“पळ बाळा,” हे ओरडले, “पळ!”

आवाज पार फाटला होता. इतक्या वर्षांत ह्यांना स्वतःच्या वतीनं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.