नाव जुळल्याशिवाय मेल जात नाही

सुमनताई गेल्याचं मला मेलनं कळलं. पाठवणारे आमच्या संस्थेचे सचिव. ‘कार्यक्षम सहकारी हरपल्या,’ असं त्यांनी लिहिलं होतं. ताईंना अकार्यक्षम ठरवून संगणक विभागातून ग्रंथालयात बसवणारे तेच... मार्केट यार्डात कांद्याच्या ढिगासमोर उभी राहून मी ते वाचलं आणि रडू यायच्या आधी संताप आला. महिना उलटला, तो संताप अजून गेलेला नाही. जावा अशी माझी इच्छाही नाही.

कोथरूडच्या आमच्या शिक्षणसंस्थेचा मेल सर्व्हर ताईंनी उभा केला. मी त्यांच्या हाताखाली शिकले. त्या म्हणायच्या, “अगं, मेल सर्व्हर म्हणजे स्थळ घेऊन आलेला पाहुणा. दारात नाव सांगितलं की समोरचा चौकशी करणारच.” नावावरून पत्ता निघायला हवा आणि त्या पत्त्यावरून पुन्हा तेच नाव. जुळलं नाही, तर मेल दारातूनच परत. म्हणून काही बदललं की त्या दोन्ही बाजूंनी तपासायच्या, तेही घरच्या इंटरनेटवरून. “ऑफिसात आपल्याला सगळेच ओळखतात, बाहेर कोण ओळखतं ते बघावं.” शिवाय सर्व्हरचं नाव आणि पत्ता त्या त्याच्याच पोटातल्या एका फाइलमध्ये लिहून ठेवायच्या. नावं शोधून देणारी यंत्रणा बंद पडली, तरी त्याला निदान स्वतःची ओळख राहावी म्हणून.

मग सचिवांना एक ज्योतिषी भेटले. संस्थेच्या नावाआधी ‘श्री’ लावला की भरभराट होणार होती. पाटी बदलली, लेटरहेड बदललं आणि सर्व्हरचंही नाव आजच बदला, असा हुकूम सुटला. ताई म्हणाल्या, “साहेब, पत्त्यावरून निघणारं नाव इंटरनेट कंपनीकडून बदलून घ्यावं लागतं. तोवर थांबा.”

“मुहूर्त आजचा आहे,” सचिव म्हणाले आणि बाहेरच्या माणसाकडून त्यांनी ते करून घेतलं. ऐन हंगामात प्रवेशाचे मेल परत येऊ लागले. पालक फाटकाशी येऊन भांडले. सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सभेत सचिवांनी शांतपणे ताईंचं नाव घेतलं.

ताई भांडल्या नाहीत. आजारपणात मात्र एकदा म्हणाल्या, “खरं काय झालं ते त्याच सभागृहात कुणीतरी बोलायला हवं होतं गं...” एवढंच हवं होतं त्यांना. तेही मिळालं नाही.

शोकसभा त्याच सभागृहात झाली. सचिव गहिवरले आणि ताईंच्या स्मरणार्थ काय करावं, असं त्यांनी सर्वांना विचारलं. मी उठले. “नवा सर्व्हर येतोय. त्याला ताईंचं नाव देऊ या.” टाळ्या पडल्या. सचिवांनीही वाजवल्या. त्या थांबल्यावर मी म्हटलं, “मागच्या वेळी नाव घाईनं बदललं म्हणून मेल अडले. ताईंनी थांबायला सांगितलं होतं, साहेबांनाच. या वेळी आपण थांबू.” ज्यांनी तेव्हा माना डोलावल्या होत्या, ते चपला बघत बसले.

सर्व्हर रीतसर सुरू झाला. सचिव मेलचे पत्ते नेहमी चुकवतात, आणि चुकलेला मेल परत आला की त्यावर पाठवणाऱ्याच्या जागी ‘सुमन’ असतं. परवा ते माझ्या टेबलाशी आले. आवाज बराच खाली होता.

“हे नाव काढता येईल का?”

“येईल की, साहेब. फक्त कारण लेखी द्या.”

ते अजून आलेलं नाही.