बोटाएवढा मासा आणि गल्लीचा हातपंप

लातूरहून चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी नांदेडात भाजीवाल्याशी वांग्यांवरून घासाघीस करत होतो आणि नेहमीप्रमाणे हरत होतो. "सुमनआत्या गेली," तो म्हणाला. पिशवी तिथंच विसरून मी बस धरली... आता महिना होत आला, आणि रडू यायचं सोडून मला राग येतोय. शोकसभेत गल्लीतले एकामागून एक उठले नि म्हणाले, "बाई फार शांत होत्या." शांत? माझी आत्या? कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या या बाईचा चष्मा कपाळावर चढला, की घरातलं मांजरसुद्धा बाहेर जायचं. मी त्याच्याही आधी.

कॉलेजच्या सहलीबरोबर ती एकदा लक्षद्वीपला गेली होती. तिथल्या उथळ पाण्यात, प्रवाळावर, तिला एक काळपट मासा भेटला. बोटाएवढा. तो म्हणे शेवाळाची बाग राखतो. नको ते तण तोंडानं उपटून बाहेर टाकतो, काटेरी गोळ्यासारखा एखादा प्राणी आत शिरला तर त्याचा काटा धरून त्याला हद्दीबाहेर नेऊन सोडतो. आत्या जवळ गेली, तर पठ्ठ्या तिच्या तोंडावरच्या काचेवर धडका द्यायला लागला. "माझ्यापुढं तो केवढा, पण हटला न्हाई बघ!" असं कौतुक आम्हा भाच्यांच्या वाट्याला कधी आलं नाही.

लातूरचा नवा जिल्हा झाला आणि पुढं दुष्काळ पडला. गल्लीला एकच हातपंप. झरा भरून यावा म्हणून दुपारभर त्याला साखळी-कुलूप घालायचं ठरलं आणि किल्ली आत्याकडे आली, कारण तिच्याकडून ती मागायची कुणाची छाती नव्हती. कुणा नव्या साहेबांचा शिपाई भर दुपारी ड्रम घेऊन आला.

"बाई, साहेबांकडं पाहुणे आलेत."

"मग साहेबाला पाठव. पंप हाणायला."

साहेब काही आले नाहीत. मग एक कंत्राटदार आला, बांधकामाला पाणी पाहिजे म्हणत. चष्मा कपाळावर गेला, कंत्राटदार आल्या वाटेनं गेला. तो उन्हाळा सगळी गल्ली त्या पंपावर तरली.

पण माशाच्या गोष्टीचा शेवट आत्या हळू आवाजात सांगायची. एकेकटा कुणी आला तर तो हाकलतो; मोठ्या माशांचा थवाच उतरला तर मात्र... याला हाकल, त्याला हाकल, तोवर बाग साफ. गल्लीत तेच झालं. एकानं अंगणात बोअर घेतला, शेजाऱ्यानं त्याहून खोल, मग सगळ्यांनीच. आत्या दारोदार भांडली. "बाईला भांडायची खोडच हाय," म्हणून लोक हसले. पंप आटला. आणि हेच लोक शोकसभेत 'शांत, शांत' म्हणत हार घालत होते! ऐकायचंच नाही म्हटल्यावर माणूस शांतच वाटणार.

किल्ली तिच्या चष्म्याच्या डबीत सापडली. पंप कोरडा पडल्यावरही ती रोज दुपारी त्याला कुलूप घालायची. आवराआवरीसाठी मी इथं आहे, तोवर मी घालतो. काल समोरच्या घरातले गृहस्थ आले. "भाऊ, पाणीच न्हाई, तर कुलूप कशाला?"

मी चाळिशी कपाळावर सारली. "तुमचा बोअर किती खोल हाय, ते सांगा आधी."

ते दोन पावलं मागं सरकले. माझ्यापुढून माणूस मागं सरकल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. अर्थात, एकटेच आले होते ते.