पोळ्याच्या दिवशी मोटारसायकल

मोटारसायकल घेतली तेव्हा माझी चाळिशी उलटली होती आणि तोवर मी सायकलीपलीकडे काही चालवलं नव्हतं. पांढरकवड्यात कापसाच्या गोदामाचा कारभार माझ्याकडे होता. लष्करातून निघालेली एक गाडी सागवानाच्या एका ठेकेदाराने जंगलात पिदडली आणि मग विकायला काढली. ती मी घेतली. किक उलटी बसून पोटरी काळीनिळी झाली, पण देखभालीत मी पक्का होतो. दर रविवारी प्लग काढून काचपेपरने घासायचा, पेट्रोलची नळी फुंकून साफ करायची, साखळी रॉकेलमध्ये धुवायची, क्लचची तार पाहायची, नट आवळायचे. क्रम ठरलेला होता. गाडी बंद पडली तरी याच क्रमाने जायचं. गोदामात हिशेब जुळला नाही की मी पहिल्या गठाणीपासून मोजत असे, तसंच.

सासूबाईंना जाऊन वर्ष उलटलं होतं. सासरचं गाव केळापूरच्या पलीकडे, नाल्याच्या काठाने आत. पोळ्याआधी सासऱ्यांचा निरोप आला, बैल ओवाळायला लेकीला पाठवा. तोरणाखालून बैल घरी आले की दारात त्यांचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, ओवाळायचं, पुरणपोळी चारायची. हे घरच्या बाईचं काम, आणि त्या घरात आता दुसरी बाई नव्हती.

बायको म्हणाली, "आदल्या दिवशीच बैलबंडीनं जाऊ. आई नाई तं मले येळेवर पोचलं पायजे."

"बंडी कायले? पोळ्याच्या दिवशी साऱ्यायचे बैल बसून राहतात, आपली गाडी तं नाई ना बसत!" मी म्हणालो. हे बोलणं मला त्या वेळी फार हुशारीचं वाटलं होतं.

तिचं लुगडं चिखलाने भरू नये म्हणून मी मागच्या चाकावरच्या मडगार्डला रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून बसवला. दोन्ही बाजूंनी चांगला खालपर्यंत आणला, बोल्ट मारले, वर रंगही दिला.

दुपारी निघालो. पावसाची झड उघडली होती, पण सडक सोडून नाल्याच्या वाटेला लागलो आणि गाडी गुरगुरून बंद पडली. किक मारली, सुरू झाली, गिअर टाकताच पुन्हा बंद. मी हत्यारांची पिशवी उघडली. प्लग काढला, घासला, बसवला. नळी फुंकली. बायको काठाशी उभी राहून पाहत होती.

"अजी, चाकात माती भरली हाय."

"मातीनं इंजिन बंद पडत नाई. थांब जरा."

मी साखळी पाहिली. क्लचची तार सैल केली, मग घट्ट केली, पुन्हा सैल केली. ऊन उतरायला लागलं. गावाकडून डफडं ऐकू यायला लागलं, म्हणजे बैल तोरणाकडे निघाले होते. शिंगांना बेगड लावलेली, पाठीवर झूल घातलेली एक जोडी नाल्यावरून आली. धरणारा सासऱ्यांच्या शेजारचा म्हातारा होता, मला ओळखणारा.

"काय जवाईबापू! तुमच्या लोखंडी बैलानंबी आज सुटी घेतली वाट्टे!"

मी हसलो नाही. मला घाई होती. मी म्हणालो, "काका, जरा दोर बांधून गावापर्यंत ओढून देता का? जोडी लावा, तेवढंच."

म्हाताऱ्याने जोडी थांबवली. मग बैलाच्या मानेवर हात ठेवून म्हणाला, "आज? आज याच्या मानेवर जू ठेवू मी? तुमी कास्तकाराच्याच घरचे ना, बापू?"

माझ्या बापाकडे दोन जोड्या होत्या. पोळ्याला जू दिसेल असंसुद्धा तो ठेवत नसे.

म्हातारा पुढे गेला. बायकोने लुगड्याचा घोळ आवरला, कासोटा वर खोचला, चपला हातात घेतल्या आणि त्या बैलांमागे चालू लागली. चिखलात तिचे पाय घोट्यापर्यंत जात होते. "थांब, होतंच आहे," असं मी ओरडलो. तिने मागे पाहिलं नाही.

सगळं तपासून झाल्यावर मी चाकाखाली हात घातला. पत्रा आणि टायर यांच्यामध्ये काळी माती विटेसारखी ठोसून बसली होती. चाक जागचं हलत नव्हतं. स्वतः केलेलं काम मी शेवटी तपासलं. बोल्ट मातीत गच्च झाले होते. पत्रा पकडीने उपटून काढताना तळहात फाटला.

गाडी आता सुरू झाली असती. पण सजवलेले बैल गल्लीत असताना फटफट करत जायची हिंमत झाली नाही. ढकलतच गावात शिरलो. बाकीच्या दारांतले बैल ओवाळून आत गेले होते. सासऱ्यांची जोडी अजून दाराबाहेर उभी होती आणि बायको खाली बसून तांब्याने बैलांचे खूर धूत होती. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत काळं झालं होतं. ज्या चिखलापासून वाचवायला मी पत्रा ठोकला, त्यानेच.

बाजूच्या ओट्यावरून एक बाई सासऱ्यांकडे बोट दाखवून म्हणाली, "कवाच्यान उभे हायेत बिचारे. मी म्हनलं मी ओवायतो, तं भाऊ म्हनते, लेक येतो म्हनली हाय."

पुरणपोळीचा घास झाला, बैल गोठ्यात गेले. मग सासरे माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता बोलतील. बोलावंच, असं वाटत होतं. त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्या रक्ताळलेल्या हाताकडे पाहिलं, आणि लेकीला म्हणाले, "माय, दिवा इझवू नोको. जवाईबापूचं वाहन हाय. सणाचं दारी आलं, त्यालेबी ओवाय."

ती ताट घेऊन आली. गाडीच्या दिव्यावर तिने कुंकवाचं बोट टेकवलं आणि मान खाली घालून ओवाळलं. चिखलात स्टँड रुतत होतं. म्हणून मला हँडल धरून, ताटासमोर, उभंच राहावं लागलं.