भट्टीले नको, गोळीले विचार

थर्मामीटर माझ्याच हातात होतं. आणि मी ते चुकीचं लावलं.

सुखदेवभाऊंना जाऊन आज एक वर्ष झालं.
वर्षभर ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. आज सकाळी सावली गावाला जाऊन बाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सांगून आले. म्हणून आता इथे लिहितेय.

भाऊ आमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबचे अटेंडंट. मी तिथेच शिकले, तिथेच शिकवायला लागले.
पोरांसमोर ते मला "म्याडम" म्हणायचे. पोरं गेली की "पोरी".

माझ्या पीएचडीची भट्टी त्यांनीच बनवली होती. चिनी मातीची नळी आणि तिच्यावर गुंडाळलेली तार. बाजारातली महागडी भट्टी तिच्यापुढे पाणी भरेल.

विषय होता सिल्व्हर आयोडाइड. पिवळी पावडर दाबून केलेली बटणाएवढी गोळी.
थंड असताना तिच्यातून करंट जवळजवळ जातच नाही. हळूहळू तापवत नेलं की एकशे सत्तेचाळीस डिग्रीला मीटरचा काटा टुणकन उडतो.
गोळी वितळत नाही. दिसायला तशीच टणक. पण आत चांदीचे आयन सुटलेले असतात, वाट्टेल तिकडे पळत असतात.
बाहेरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही.

भाऊ पोरांना सांगायचे, "आठवडी बाजार पाह्यला ना? दुकानं आपल्या जागेवर, माणसं हिंडून राह्यले. आयोडीन म्हंजे दुकान. चांदी म्हंजे आपून."
इतकं सोपं मला आजही शिकवता येत नाही.

त्यांचे दोन नियम होते.
एक, भट्टीच्या भिंतीचं तापमान वाचायचं नाही. सेन्सर गोळीला टेकलेला पाहिजे, आणि दर रीडिंगआधी दहा मिनिटं थांबायचं.
"भट्टीले नको विचारू, गोळीले विचार. वरचं वेगळं रायते, आतलं वेगळं."

दुसरा, रीडिंग चालू असताना फॅन बंद, खिडक्या बंद. वाऱ्याने तापमान हलतं.
चंद्रपूरच्या मे महिन्यातसुद्धा.

मागच्या मेमध्ये भट्टी बिघडली. थिसिस जमा करायची घाई होती. भाऊ रिटायर होऊन चार वर्षं झालेली, तरी मी फोन केला.
"दोन दिवसांनी या, ऊन फार आहे" असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "भाऊ, उद्या याल?"

आले. डोक्याला ओला दुपट्टा, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा. तासाभरात तार बदलली, सेन्सर स्वतःच्या हाताने गोळीला टेकवला.
म्हटलं, आता घरी जा. तर म्हणाले, "काटा उडताना पाह्यल्याबिगर जात नाई."

फॅन बंद केला. खिडक्या लावल्या.

एकशे वीसपर्यंत ते गप्पा मारत होते. एकशे चाळीसला गप्प झाले.
"भाऊ, पाणी?"
"थांबू नको. आतलं तापून राह्यलं."

एकशे सत्तेचाळीसला काटा उडाला. मी ओरडलेच. भाऊंनी मीटरकडे पाहिलंच नाही.
म्हणाले, "फॅन बंद कर ना."
फॅन बंदच होता.
मी हसले. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

वहीत आकडे लिहून वळले तेव्हा लक्षात आलं, माझा ड्रेस घामाने चिंब आणि भाऊंचा शर्ट कोरडा. अगदी कोरडा.

मग मी घाबरले. फॅन लावला, दुपट्टा भिजवून त्यांचा चेहरा, मान, काखा पुसल्या. साखर-मिठाचं पाणी हातात दिलं. फर्स्ट एड बॉक्समधलं थर्मामीटर काखेत लावलं.
नव्व्याण्णव.

"ताप नाही भाऊ. बसा निवांत."
ते ग्लास तसाच हातात धरून बसले.

आणि मी, फिजिक्सची डॉक्टर व्हायला निघालेली बाई, परत भट्टीकडे वळले. गोळी थंड होत होती. परतीची दोन रीडिंग राहिली होती. तापताना जिथे काटा उडतो तिथेच तो थंड होताना पडत नाही, त्याच्या खाली येऊन पडतो. तेच मला दाखवायचं होतं.
फॅन चालू होता म्हणून मी भट्टीपुढे पुठ्ठा धरला. भट्टीला वारा लागू नये म्हणून.

दुसरं रीडिंग लिहिताना मागे ग्लास पडल्याचा आवाज आला.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी शरीराच्या आतलं तापमान घेतलं. एकशे सातच्या वर.
"तुम्ही काखेत घेतलं होतं? ओल्या कपड्याने पुसल्यावर?"
मी मान हलवली.
त्यांनी पुढे समजावलं नाही. गरजही नव्हती. हेच मी दरवर्षी पोरांना शिकवते.
संध्याकाळपर्यंत भाऊ गेले.

थिसिस पास झाली. परीक्षकांनी नेमक्या त्या ग्राफचं कौतुक केलं. परतीच्या रेषेवरचे शेवटचे दोन ठिपके फार सुंदर आलेत म्हणाले.
ते दोन ठिपके घेताना भाऊ माझ्या पाठीमागे तीन हातांवर खुर्चीत बसले होते.

आज बाईंना सगळं सांगितलं. फॅन, थर्मामीटर, पुठ्ठा. त्या तांदूळ निवडत होत्या, हात थांबला नाही.
मग म्हणाल्या, "तू खोलीतच होती ना?"
"हो."
"मंग त्यायच्याकडे पाह्यलं काऊन नाई?"

त्यांनी चहा ठेवला. तो मी प्यायले, कसा ते माहीत नाही.

उद्यापासून लॅबमध्ये नवीन बॅच रीडिंग घेणार आहे. बाहेर रस्त्यावर उन्हाने आत्ताच पाय ठेववत नाही. दारावर मी कागद चिकटवून आलेय: फॅन चालू राहील. रीडिंग हललं तर हलू द्या. दर दहा मिनिटांनी शेजारच्याकडे बघा.

भाऊ, माफी मागत नाही, तेवढं तोंड नाही मला.
तुमच्या पोरीचा शेवटचा जयभीम.