फोनवर सगळं हिरवं

धाकटीला साखरेचा आजार आहे हे कळलं तेव्हा ती दहा वर्षांची होती. शाळेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी आईवडिलांना समोर बसवून सांगितलं, की हिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते जन्मभर बाहेरून टोचावं लागेल. वडील लांब पल्ल्याचे ट्रक चालवायचे, घरी आले तरी पाहुण्यासारखे. त्यामुळे टोचणं, मोजणं, खाण्यावर नजर ठेवणं, सगळं आईच्या गळ्यात पडलं.

आई एका मोठ्या लॉन्ड्रीत होती. हॉटेलांच्या चादरी तिथे धुवायला यायच्या. ओल्या चादरीची दोन टोकं धरून ती तापलेल्या रोलरमध्ये सरळ सोडायची, की पलीकडून कोरडी, गुळगुळीत चादर बाहेर पडायची. जराशी तिरकी गेली तरी सुरकुती पडे आणि चादर परत येई. तिची चादर सहसा परत येत नसे. मुलीच्या आजारालाही ती तशीच भिडली. सरळ धरायचं, सुरकुती पडू द्यायची नाही.

पण हा आजार चादरीसारखा सरळ चालणारा नव्हता. दिवसातून कितीदा तरी सुई टोचून रक्ताचा थेंब काढायचा. पोरीच्या बोटांची चाळण झाली. आई कामावर असताना शाळेत काय होतंय याचा पत्ता नसे, आणि रोलरपाशी उभी असताना तिचं अर्धं लक्ष शाळेच्या जिन्यातच असे.

म्हणून धाकटी तेरा वर्षांची झाल्यावर डॉक्टरांनी ते बटण दिलं, तेव्हा आईला देव भेटल्यासारखं झालं. नाण्याएवढं पांढरं बटण दंडावर चिकटवायचं, दर दोन आठवड्यांनी नवं. त्याची केसासारखी बारीक तार कातडीत शिरते. त्याला फोन टेकवला, की साखरेचा आकडा दिसतो आणि मागच्या काही तासांची रेघही उमटते. मुलीच्या फोनवर दिसलं, की तेच आईच्या फोनवर, आणि तेच डॉक्टरांच्या संगणकावर. साखर बेतात असली की हिरवं, चढली की पिवळं, फारच चढली किंवा उतरली की लाल.

लॉन्ड्रीतल्या बायका तिला गमतीने मीटरबाई म्हणायला लागल्या. जेवणाच्या सुट्टीत डब्याआधी फोन उघडायची. "काय गं मीटरबाई, आज भाव काय निघाला?" असं कोणी विचारलं की हसून आकडा सांगायची. तिच्याइतकाच खूश होता तिचा सासरा, ज्याला घरात सगळे नाना म्हणत. उभा जन्म त्याने मालट्रकांच्या वजनकाट्यावर काढला होता. माणसं हरतऱ्हेने वजन चोरतात, काटा मात्र चोरत नाही, हा त्याचा सिद्धान्त. रोज संध्याकाळी तो सुनेला विचारायचा, "काटा काय म्हणतोय?"

धाकटीचं काय म्हणणं होतं, हे कोणी विचारलं नाही. आधी आईला निदान काही गोष्टी कळत नसत. आता मैत्रिणीच्या डब्यातलं एक बिस्कीट जरी तोंडात टाकलं, तरी मधल्या सुट्टीत फोन टेकवला की ते आईला दिसे. लगेच फोन येई. "पिवळं का झालंय? काय खाल्लंस? खोटं बोलू नकोस, मला इथे दिसतंय."

एकदा वर्गातल्या मुलीचा वाढदिवस होता. धाकटीने केकचा एक तुकडा खाल्ला, त्यासाठी दोन युनिट जास्त टोचूनही घेतली. तरी साखर चढली. आईचा फोन आला तेव्हा तो बाकावर पडला होता, आणि शेजारच्या मुलीने मस्करीत तो उचलून स्पीकर चालू केला. सगळ्या वर्गाने ऐकलं. "तोंडात अजून काही असेल तर आधी थुंक! मरायचंय का तुला?" एकच हशा पिकला. त्या दिवसापासून कोणी काही खायला काढलं, की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "थुंक, थुंक!"

घरी येऊन तिने थोरल्या बहिणीला बाथरूममध्ये ओढून नेलं आणि दार लावून घेतलं.

थोरली अठराची, कॉलेजात जाणारी. आजार कळल्यापासून धाकटीच्या वाट्याचं गोड तिच्या पानात पडलं होतं, आणि तेवढं एक कारण तिला मनात कायम ओशाळं ठेवायला पुरे होतं.

"ताई, नवं बटण उद्या लावायचंय. ते तू लावून घे."

"वेडी आहेस का?"

"दोनच आठवडे. इंजेक्शन मी घेईन गं, एकही चुकवणार नाही. मला फक्त कोणी बघायला नको. दोन आठवडे माणसासारखं राहू दे."

थोरली बराच वेळ नाही म्हणत होती. मग धाकटी रडायला लागली, आवाज न करता. घराच्या भिंती पातळ होत्या, म्हणून तिने ही कला लवकर शिकून घेतली होती. थोरलीने बाही वर केली.

सकाळी कॉलेजला जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर, धाकटी थोरलीच्या दंडाला फोन टेकवायची. दिवसभराची रेघ एकदम उमटायची. आईला दंड दिसू नये म्हणून दोघीही आता लांब बाह्यांचेच कपडे घालत. शाळेने फोन आणायला बंदी केलीय, असं तिने आईला सांगितलं, आणि संध्याकाळी सगळी रेघ दिसतेच आहे म्हटल्यावर आईनेही ते मान्य केलं. थोरली धडधाकट. रेघ हिरव्या पट्ट्यातून सरळ चालली होती.

आईचा आनंद गगनात मावेना. तिने डॉक्टरांना फोन केला. "साखर एवढी कमी येतेय, भीती वाटते. झोपेत उतरली तर?" डॉक्टरांनी संगणकावर बघितलं. त्यांच्याकडे अशा शेकडो पोरांच्या रेघा होत्या, आणि ही सगळ्यांत देखणी. ते म्हणाले, "मुलगी शहाणी झाली तुमची. सकाळचं इन्सुलिन जरा कमी करा." आईने कमी केलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी आणखी कमी करायला सांगितलं. तपासायला घेऊन येऊ का, असं तिने विचारलं, तर म्हणाले, "कशाला हेलपाटा घालता? मला इथे दिसतंय की सगळं."

सकाळचं इंजेक्शन आई स्वतः मांडीत द्यायची, त्यामुळे ते कमी होताना धाकटीला उघड दिसत होतं. पण ते थांबवायचं, तर बटणाचं खरं सांगायला हवं. ती गप्प राहिली. जेवणाआधीचं औषधही फोनवरच्या आकड्यावरून ठरायचं, तेही निम्म्यावर आलं. दोन आठवडे संपले. थोरली म्हणाली, "बस झालं, आता सांगून टाक." धाकटी म्हणाली, "परीक्षा होऊ दे." दुसरं बटणही थोरलीच्याच दंडावर गेलं. खरं तर धाकटी सुखात होती. वर्गात तिला कोणी चिडवत नव्हतं. घरी आई तिच्याकडे बघून हसत होती.

मग ती पाणी पिऊ लागली. अभ्यासाला बसताना शेजारी पाण्याचा जग, तो संपला की दुसरा. शाळेचा स्कर्ट कमरेवर ठरेना, तेव्हा तिने आतून पिन लावली. आईला तिच्या गळ्याची हाडं दिसली. मुलीला वेणी घालताना मनगट हातात आलं, काडीसारखं. ती उठली आणि फोन बघितला. हिरवं.

"नाना, पोरगी वाळलीय का हो?"

"उंची घेतेय. या वयात अशीच होतात." नानाने चष्मा पुसला. "काटा काय म्हणतोय?"

"ठीक म्हणतोय."

"मग झालं तर."

तिने पुन्हा डॉक्टरांना गाठलं, या वेळी व्हिडिओवर. धाकटी खिडकीला पाठ करून बसली होती, मागून ऊन येत होतं, तिचा चेहरा सावलीत. डॉक्टर म्हणाले, "परीक्षेचा ताण असेल. आलेख उत्तम आहे." मग धाकटीला म्हणाले, "छान चाललंय बाळा, अशीच राहा." फोन ठेवल्यावर आई मनाशी म्हणाली, मीच उगाच जिवाला लावून घेते. शिकलेला माणूस सांगतोय, यंत्र सांगतंय, आणि मी आपली आईपणाचं कौतुक घेऊन बसलेय.

ज्या दिवशी शाळेतून फोन आला, त्या दिवशी लॉन्ड्रीत चादरींचा ढीग पडला होता. बाई म्हणाल्या, "तुमची मुलगी सारखी उलट्या करतेय. तिला साखरेचा त्रास आहे ना?" आईने ओले हात पुसून फोनवर सकाळचा आकडा बघितला. हिरवा. ती बाईंना म्हणाली, "साखर अगदी बरोबर आहे तिची. पोट बिघडलं असेल. शिपायाबरोबर घरी पाठवा, आजोबा आहेत." आणि हातातलं काम उरकूनच निघाली.

ती पोहोचली तेव्हा धाकटी नानाच्या खाटेवर होती. नाना तिचे तळपाय चोळत होता. "मगापासून अशीच पडलीय. हाक मारली तर ओ देत नाही." पोरगी धावून आल्यासारखी खोल खोल श्वास घेत होती, आणि खोलीत सडलेल्या फळांसारखा वास भरला होता.

आईने पहिल्यांदा काय केलं, तर फोन काढला. धाकटीची बाही वर सारली आणि फोन दंडावर टेकवला. दंड मोकळा होता. दुसरी बाही वर केली. तोही मोकळा. पडलं असेल म्हणून तिने चादर झटकली, उशी उचलली.

"बटण कुठाय? नाना, हिचं बटण कुठाय?"

दारात थोरली उभी होती, नुकतीच कॉलेजातून आलेली, खांद्यावर पिशवी तशीच. तिने आपली बाही वर केली.

आईने तिच्याकडे बघितलं, पण तिला ओरडायलाही वेळ नव्हता. "उचल," एवढंच म्हणाली. दोघींनी मिळून धाकटीला उचललं. समोरच्या दुकानदाराने जेवणावरून उठून गाडी काढली.

दवाखान्यात नर्सने बोटातून थेंब घेतला. यंत्रावर आकडा आलाच नाही, मोजायची हद्दच ओलांडली होती. "घरी कधी तपासली होती?" आईने फोन पुढे केला. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने हिरव्या रेघेकडे बघितलं, खाटेवरच्या मुलीकडे बघितलं, आणि विचारलं, "ही रेघ कोणाची आहे?"

"हिचीच," असं आईच्या तोंडून निघून गेलं. मग तिने थोरलीच्या दंडाकडे बोट केलं.

धाकटी बेशुद्ध होती. रक्त आंबल्यासारखं झालंय, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग मेंदूला सूज आली. काचेच्या दाराबाहेरच्या बाकावर आई आणि थोरली बसून राहिल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. एकदा थोरली म्हणाली, "आई, मला मार तरी." आई म्हणाली, "माझ्या हातात तेवढं बळ नाही."

धाकटीचे नेहमीचे डॉक्टर भेटायला आले. "मी आलेख बघत होतो हो," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात एरवीचा तोरा नव्हता.

"तुम्ही लांबून बघत होता," आई म्हणाली. "मी तर तिची वेणी घालत होते."

"मला तिचं मनगट कळलं होतं," पुन्हा पुन्हा आई हेच म्हणत राहिली, नर्सला, नवऱ्याला, कोणालाही. ट्रक परक्या गावात सोडून नवरा आला होता. "मला कळलं होतं हो. आणि मी उठून फोन बघायला गेले."

धाकटी वाचली. पण सुजेने मेंदूचा एक कोपरा कायमचा खाल्ला होता. डावा हात उचलेना, शब्द तोंडात घोळत राहत, आणि सकाळी काय झालं ते दुपारी आठवेना. शाळा सुटली. दंडावर पुन्हा बटण आलं, कारण डॉक्टर म्हणाले, की आता तर ते हवंच, स्वतःला काय होतंय हे तिला सांगता येत नाही. आईने त्याला नाही म्हटलं नाही. फोन टेकवते, आकडा बघते, बटण हाताने चाचपते, तरी बोटाला सुई टोचते, तरी तोंडाचा वास घेते. सगळं जुळलं तरी तिचा विश्वास बसत नाही. धाकटीच्या बोटांची पुन्हा चाळण झाली आहे. नाना आता काट्याचं विचारत नाही. भिंतीकडे तोंड करून बसतो, जेवायला हाक मारावी लागते.

थोरली रोज बहिणीच्या हाताचे व्यायाम घेते. ती आणि आई कामापुरतं बोलतात. गेल्या महिन्यात तिने दुसऱ्या शहरात नोकरी मिळवली. भांडी घासता घासता, आईकडे पाठ करून, तिने ते सांगितलं. "मी समोर नसले तर तुला बरं वाटेल."

आईने पुसत असलेलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुला माफ केलंय असं मी म्हणणार नाही. करता आलं तर करेन, पण आज नाही जमत."

"मी मागतही नाहीये."

"पण जाऊ नकोस." आईने तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं. "मला एकटीला तिच्याकडे बघायचा धीर नाही होत गं. ती बरी दिसली तरी भीती, फोनवर बरी दिसली तरी भीती. नक्की काय दिसतंय तेच मला कळेनासं झालंय. तू पण बघ. दोघी मिळून बघू."

थोरलीने नोकरीला नकार कळवला. त्याने घरात कोणाला बरं वाटलं, असं म्हणता येणार नाही. आतल्या खोलीतून धाकटीने हाक मारली, शब्द नीट लागला नाही, आणि दोघीही हात न पुसताच तिच्याकडे गेल्या.